मुले कुणाच्या हवाली? – जबलपूरहून एक टिपण

यंदाच्या एप्रिल महिन्यात जबलपूरमधील एका मराठी संस्थेने आपल्या उन्हाळी शिबिराची नियमावली मला नजरेखालून घालण्यास दिली. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाकडे अशी कामे येतच असतात. नियमावली नेटकी होती. जेवणाच्या वेळा, शुल्क, पावसाची शक्यता, अगदी चपला कुठे काढाव्यात हेही त्यात होते. मात्र चार दिवस आणि तीन रात्री मुलांसोबत राहणारे स्वयंसेवक कोण, त्यांची निवड कशी झाली आणि त्यांच्यावर देखरेख कोणाची, याविषयी एक ओळही नव्हती.

बैठकीत हा मुद्दा निघाला तो माझ्यामुळे नव्हे. अमेरिकेतून सुटीसाठी आलेल्या एका सभासद ताईंनी विचारले, "आमच्याकडे रविवारच्या मराठी शाळेत मी नुसती मदतनीस म्हणून गेले, तरी आधी माझी पार्श्वभूमी तपासली गेली. इथे रात्री मुक्कामाला राहणाऱ्या काकांचा पत्तासुद्धा आपल्या दप्तरी नाही?" त्यावर एक ज्येष्ठ सभासद दुखावून म्हणाले, "अगं, ही सगळी आपलीच माणसे आहेत. पोलिसांचा दाखला मागायला आपण काय भाडेकरू ठेवतो आहोत?"

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. ज्या समाजात माणसे वेतन न घेता मुलांसाठी राबतात, तो समाज विश्वासावरच चालतो, आणि परप्रांतातील मराठी मंडळे तर विशेषच. पण हा विश्वास नेमका कशावर ठेवायचा, हा प्रश्न जबलपूरमध्ये प्रथमच विचारला गेला, असे मात्र नाही.

१९११ चे जबलपूर

१८७० साली मुंबईकडून येणारा आणि अलाहाबादकडून येणारा असे दोन लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. पुढे छावणी वाढली, १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, आणि रेल्वे, लष्कर व कारखाना यांच्या आधाराने युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांची मोठी वस्ती इथे झाली. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीस-एक मुलांचे शिबिर घेऊन जी चळवळ सुरू केली, ती १९०९ मध्ये कॅप्टन बेकर यांच्यामार्फत बंगळूरला पोहोचली. मुलींसाठीची गाइड चळवळ ब्रिटनमध्ये १९१० साली आकाराला आली आणि पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, भारतातील पहिले गाइड पथक डॉ. कलेन यांनी सुरू केले ते या जबलपूरमध्ये. येथील फार थोड्या लोकांना ही गोष्ट ठाऊक आहे.

प्रारंभी या पथकांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. त्यातूनच ॲनी बेझंट यांची भारतीय स्काउट संघटना (१९१६) आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांची सेवा समिती स्काउट संघटना (१९१८) उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स अँड गाइड्स ही एकत्रित संस्था झाली आणि १९५१ मध्ये गाइड संघटनाही तीत सामील झाली. तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आमच्याच प्रदेशात, पचमढीला आहे.

प्रशासनाच्या विद्यार्थ्याला या चळवळीतील एक व्यवस्था फार उद्बोधक वाटते. ती म्हणजे 'वॉरंट'. स्काउटमास्टर होऊ इच्छिणाऱ्या माणसाला केवळ हौस असून भागत नसे. स्थानिक समितीची शिफारस आणि त्यावर वरिष्ठांनी दिलेले अधिकारपत्र त्याच्याकडे असावे लागे, आणि दिलेले अधिकारपत्र काढूनही घेता येई. माणूस विनावेतन काम करतो म्हणून त्याला वाटेल ते करण्याची मुभा नाही, मुलांवरील अधिकार त्याला संस्थेने दिलेला आहे, हे तत्त्व यातून शंभर वर्षांपूर्वी मान्य झाले. आपल्या कित्येक मंडळांनी ते आजही स्वीकारलेले नाही.

पण या व्यवस्थेत एक उणीव होती. शिफारस करणारे लोक 'हा माणूस कोण आहे' ते पाहत. पाद्री, शिक्षक, लष्करी अधिकारी, घरंदाज गृहस्थ, अशी ओळख पुरेशी मानली जाई. 'हा माणूस मुलांसोबत असताना काय करतो' हे पाहण्याची पक्की रीत नव्हती. शिवाय काढून घेतलेल्या वॉरंटचे पुढे काय होते, हा प्रश्न उरतोच.

याच शहरातील दुसरी यादी

संशयितांची यादी करावी, असा उपाय कोणालाही सुचेल. पण याद्यांच्या बाबतीतही जबलपूरचा अनुभव जुना आहे. विल्यम स्लीमन यांनी १८३० च्या दशकात ठगीविरुद्धची मोहीम चालवली ती मुख्यत्वे इथून. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या, कुटुंबांच्या वंशावळी, नावांची नोंदवही, असे प्रचंड दप्तर त्यांनी तयार केले. ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी इथे उद्योगशाळा काढली, तिथे तंबू आणि गालिचे तयार होत. कटनीजवळचे स्लीमनाबाद हे गाव त्यांच्या नावाने अजून उभे आहे.

या मोहिमेने प्रवाशांचे जीव वाचवले असतील. परंतु १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत केव्हातरी असणे हाच जन्मठेपेस पात्र गुन्हा ठरवला, विशिष्ट कृत्य सिद्ध करण्याची गरज ठेवली नाही. याच विचारसरणीतून पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि लक्षावधी माणसे जन्मानेच संशयित ठरली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, तरी महाराष्ट्रातील पारधी वस्त्यांवर त्या यादीची सावली अद्याप आहे.

म्हणून मी ज्येष्ठ सभासदांच्या दुखावलेपणाकडे दुर्लक्ष करू शकत नाही. कुजबुजीवरून माणसाला यादीत टाकणे सोपे असते. त्याला उत्तर देण्याची संधी देणे, पुरावा तोलणे, निर्णयाची कारणे लिहिणे हे अवघड असते. आणि हे अवघड काम टाळले, तर निष्पाप माणूस भरडला जातो, तसाच धोकादायक माणूसही सुटतो. ही दुसरी गोष्ट आपल्या लक्षात सहसा येत नाही. त्यासाठी दोन परदेशी प्रकरणे पाहू.

कपाटातील यादी आणि अर्धवट निर्णय

अमेरिकेतील बॉय स्काउट्स संस्थेने १९२० च्या दशकापासून अपात्र स्वयंसेवकांच्या गोपनीय नस्ती ठेवल्या होत्या. हेतू चांगला होता: काढून टाकलेला माणूस दुसऱ्या गावी पुन्हा शिरू नये. परंतु या नस्ती मुख्यालयाच्या कपाटात राहिल्या. पालकांना आणि पुष्कळदा पोलिसांनाही त्यांची वार्ता नव्हती. अनेक प्रकरणांत संबंधित माणसाला शांतपणे राजीनामा देऊ दिला गेला, आणि काही जण दुसऱ्या पथकात परत आले. ऑरेगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१२ मध्ये १९६५ ते १९८५ या काळातील बाराशेहून अधिक नस्ती जाहीर झाल्या. २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले आणि २.४६ अब्ज डॉलरची भरपाई योजना २०२३ मध्ये अमलात आली. संस्थेच्या नावाला जपण्यासाठी गुप्त ठेवलेल्या यादीनेच संस्थेचे नाव बुडवले.

दुसरे प्रकरण स्कॉटलंडमधील. थॉमस हॅमिल्टन या तरुण स्काउट नेत्याचे वॉरंट १९७४ मध्ये काढून घेण्यात आले. त्याच्या शिबिरांविषयी तक्रारी होत्या, मुलांना त्याच्याबरोबर गाडीत झोपावे लागल्याचे आढळले होते. स्काउट संघटनेने त्याला पुन्हा आत घेतले नाही. इथपर्यंत व्यवस्था बरोबर चालली. पण त्याने स्वतःचेच मुलांचे क्लब काढले आणि शाळांची सभागृहे भाड्याने घेतली. त्यासाठी कोणाच्या वॉरंटची गरज नव्हती. १९८३ मध्ये स्थानिक परिषदेने सभागृह नाकारले, तेव्हा तो स्थानिक प्रशासनाच्या लोकपालाकडे गेला आणि १९८४ मध्ये जिंकला. परिषदेच्या निर्णयप्रक्रियेत दोष आढळला होता. १३ मार्च १९९६ रोजी त्याने डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत १६ मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घालून ठार केले. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्तींनी बंदुकांच्या परवान्यांबरोबरच मुलांच्या क्लबांना मान्यता देणाऱ्या व्यवस्थेचीही शिफारस केली. त्या न्यायमूर्तींचे नावही योगायोगाने लॉर्ड कलेन.

परिषदेची शंका रास्त होती, पण ती टिकेल अशा रीतीने लिहिली गेली नव्हती. ज्यांनी कधी न्यायाधिकरणासमोर आपल्या खात्याचा आदेश रद्द होताना पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. नैसर्गिक न्यायाची प्रक्रिया आरोपीच्या सोयीसाठी असते असे आपण समजतो. वास्तविक ती पाळली तरच मुलांचे रक्षण करणारा आदेश उभा राहतो.

आपल्या अंगणात

हे परदेशात घडते, असे म्हणण्याची सोय नाही. मडगावला 'गुरुकुल' नावाचे मुलांचे वसतिगृह चालवणारा फ्रेडी पीट्स समाजात प्रतिष्ठित होता, निराधार मुलांचा कैवारी समजला जाई. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे सापडली, आणि १९९६ च्या मार्चमध्ये त्याला जन्मठेप झाली. मुंबईत कुलाब्याला 'अँकरेज' या नावाने रस्त्यावरील मुलांसाठी निवारे चालवणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांना सोडले, पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली.

दोन्ही ठिकाणी माणसे बाहेरून घुसलेली नव्हती. संस्था त्यांचीच होती, आणि दानशूरपणा हीच त्यांची ओळख. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सहन केल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासाच्या जागी असलेले होते, आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. 'आपलीच माणसे' या शब्दांनी मुलांचे रक्षण होत नाही, ते यामुळेच.

माझी स्वतःची नस्ती

इथवर मी इतरांचे दोष सांगितले. आता माझा.

१९९८ मध्ये माझी पहिल्यांदा जबलपूरला नेमणूक झाली. तेव्हा एका मंडळाचा मी चिटणीस होतो. सुटीतील वर्गात एक मध्यमवयीन गृहस्थ मदतीला येत. उत्साही, हसतमुख, सर्वांच्या आधी हजर. पोहणे शिकवायला म्हणून एकेका मुलाला ते नर्मदेच्या घाटावर नेत. एके दिवशी एका मुलाची आई माझ्या घरी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "तो उद्यापासून येणार नाही. का ते विचारू नका. फक्त त्या गृहस्थांना मुलांबरोबर एकटे पाठवू नका."

कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. दहा मिनिटांत निर्णय झाला: बोभाटा नको, मुलाचे नाव निघायला नको, त्यांना सौम्य शब्दांत येऊ नका म्हणून सांगावे. त्या आईशी पुन्हा कोणी बोलले नाही, त्या गृहस्थांना काही विचारले नाही. इतिवृत्त मी लिहिले. 'वैयक्तिक कारणास्तव ते यापुढे येऊ शकणार नाहीत. त्यांच्या बहुमोल सेवेबद्दल मंडळ आभारी आहे.' अक्षर सुबक होते. मला त्या वाक्याचा थोडा अभिमानही वाटला.

दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावातील एका संस्थेचा दूरध्वनी आला. ते गृहस्थ तिथे मुलांच्या वसतिगृहात मदत करू इच्छित होते आणि त्यांनी आमच्या आभाराच्या पत्राची प्रत दिली होती. "तुमचा अनुभव कसा आहे?" असे मला विचारण्यात आले. मी म्हणालो, "आमच्याकडे काही लेखी तक्रार नाही."

हे वाक्य अक्षरशः खरे होते. तक्रार लेखी नव्हती, कारण मीच ती लिहिली नव्हती. पुढे तिथे काय झाले ते मला कळले नाही, आणि मी विचारलेही नाही. अमेरिकेतील कपाटांविषयी वाचताना मला ते इतिवृत्त आठवते. आमच्याकडे तर कपाटही नव्हते.

प्रशासनात आपण बदलीला शिक्षा समजतो. गैरवर्तन करणाऱ्याला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवले, की आपले टेबल स्वच्छ होते. दुसऱ्या जिल्ह्यातील लोकांना मात्र कोणी विचारत नाही.

कायदा काय म्हणतो

आज ही सबब चालणार नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या, किंवा घडण्याची आशंका असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालील माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये आहे. बदनामीच्या दाव्याची भीती घालणाऱ्या सभासदांना ते वाचून दाखवावे.

२०२० च्या पॉक्सो नियमांतील तिसऱ्या नियमाप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करायची आहे. मात्र नियमाची भाषा कायम वा कंत्राटी कर्मचाऱ्यांची आहे, 'स्वयंसेवक' हा शब्द तिथे नाही. आपल्या मंडळांतील बहुतेक माणसे नेमकी याच फटीतून आत येतात. २०१८ मध्ये सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही फक्त तपास यंत्रणांसाठी खुली आहे. स्लीमन यांच्या दप्तराचा इतिहास पाहता ते योग्यच म्हणावे लागेल. पण मग संस्थांनी करायचे काय?

अर्थशास्त्राचा एक धडा

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे खराब माल चांगल्या मालाच्या भावाने खपतो. स्वयंसेवकांच्या बाबतीत असेच होते. पोलीस दाखला फक्त पूर्वी पकडले गेलेल्यांना अडवतो. जो कधी पकडला गेला नाही, त्याचा दाखला तुमच्या-माझ्याइतकाच स्वच्छ असतो. तेव्हा दाखला मागावा, पण तिथेच थांबू नये.

खरा उपाय असा नियम करण्यात आहे, जो प्रामाणिक माणसाला काहीच त्रास देत नाही आणि वाईट हेतू असलेल्याला परवडत नाही. 'कोणताही प्रौढ कोणत्याही मुलासोबत इतरांच्या नजरेआड एकटा असणार नाही' हा तसा नियम आहे. तो कोणावर आरोप करत नाही. तो अध्यक्षांना लागू आहे, मला आहे, रोज लवकर येणाऱ्या काकांनाही आहे. प्रामाणिक माणूस दारे उघडी ठेवून शिकवतो, त्याचे काही जात नाही. ज्याला एकांतच हवा आहे, तो काही दिवसांत स्वतःहून निघून जातो. आणि नियम मोडला, तर कोणाच्या मनातील हेतू सिद्ध करत बसावे लागत नाही. दार बंद होते की उघडे, एवढेच विचारावे लागते.

१९९८ मध्ये हा नियम असता, तर त्या आईला दारात उभे राहून कोड्यात बोलावे लागले नसते. मुलगा घाटावर एकटा गेलाच नसता.

यंदाची नियमावली

शेवटी आम्ही पाच गोष्टी ठरवल्या. परदेशातील मंडळांना यातील काही नव्या नाहीत, पण भारतातील परप्रांतीय मंडळांसाठी देतो.

१. प्रत्येक स्वयंसेवकाचा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि पूर्वी जिथे काम केले तिथल्या दोन व्यक्तींशी प्रत्यक्ष बोलणे. नुसते पत्र पुरेसे नाही.

२. मुक्कामी शिबिरासाठी पोलीस पडताळणी, आणि नव्या माणसाला पहिल्या वर्षी रात्रीची जबाबदारी नाही.

३. दोन प्रौढांचा नियम, झोपण्याच्या खोल्या वेगळ्या, खासगी फोन-संदेश आणि एकेकट्या मुलाला भेटवस्तू बंद.

४. मुलांना पहिल्याच दिवशी कोणाला सांगायचे ते नावानिशी सांगणे, त्यात एक स्त्री हवीच. १०९८ हा क्रमांक भिंतीवर लावणे.

५. शंका आली की त्याच दिवशी लेखी नोंद. गुन्ह्याची आशंका असेल तर पोलिसांना कळवणे, आपण चौकशी करत बसायचे नाही. वागणुकीचा नियम मोडला असेल तर संबंधिताचे म्हणणे ऐकून सकारण निर्णय. आणि दुसऱ्या संस्थेने विचारले तर त्या निर्णयाची खरी माहिती.

ज्येष्ठ सभासदांनी पहिला अर्ज स्वतःचा भरला. पोलीस ठाण्यात जाऊन आल्यावर ते म्हणाले, "अर्धा तास लागला. चहा मात्र पाजला नाही."

बैठक संपल्यावर मी १९९८ ची इतिवृत्ताची वही मागवली. माझे ते वाक्य तसेच होते. त्याखाली आजची तारीख घालून मी लिहिले, की वर दिलेले कारण खरे नव्हते, एका आईने तक्रार केली होती आणि चिटणीस या नात्याने मी ती नोंदवली नाही. मुलाचे नाव लिहिले नाही. ते टिपण कार्यकारिणीपुढे वाचून दाखवले आणि त्याची प्रत, पंचवीसहून अधिक वर्षांच्या विलंबाने, त्या दुसऱ्या संस्थेच्या पत्त्यावर पाठवली.

अजून उत्तर आलेले नाही.